विहारातलं एक दिवसाचं ध्यान शिबिर : हॉल, पंगत आणि दुपारचे दोन

वस्तीतल्या विहारात एक दिवसाचं ध्यान शिबिर घ्यायचं ठरलं की धोक्याची सुरुवात बॅनरपासून होते. बॅनर आला की त्यावर पाहुण्यांची नावं येतात. नावं आली की हार-पुष्पगुच्छ येतात, मग प्रास्ताविक, सत्कार, मनोगतं. अकरा वाजतात तरी कुणी डोळे मिटलेले नसतात. सभा घेणं आपल्याला उत्तम जमतं, चळवळीने ते शिकवलं आहे आणि त्याचं मोल मोठं आहे. पण शिबिराचा दिवस वेगळा. त्यात ध्यानाच्या किमान पाच बैठका व्हायला हव्यात आणि सूचना, प्रवचन, प्रश्नोत्तरं धरून सगळं बोलणं सव्वा तासाच्या आत बसायला हवं. आधी हा हिशोब पक्का करा. बॅनर लावायचाच असेल तर त्यावर फक्त तारीख, वेळ आणि ‘मोबाईल जमा करावा लागेल’ एवढंच लिहा.

नावाबद्दलही काळजी घ्या. कुणीही उठून ‘एकदिवसीय विपश्यना शिबिर’ असं छापू नये. गोएंका गुरुजींच्या परंपरेत विपश्यनेची एक दिवसाची शिबिरं १० दिवसांचं शिबिर पूर्ण केलेल्या साधकांसाठीच असतात. गोराईच्या ग्लोबल पॅगोडातही तोच नियम आहे. कधीच न बसलेल्या माणसांसाठी विहारात दिवस घ्यायचा, तर तो आनापानसती (येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाची जाणीव) आणि मैत्री भावनेचा (सगळ्यांचं भलं चिंतण्याचा) असावा, आणि तसंच सांगावं. शिकवणारे भन्तेजी असोत, त्रिरत्न संघाचे दीक्षित धम्मचारी असोत की जुने उपासक, त्यांची स्वतःची रोजची बैठक हवी. पुस्तकातून वाचून दाखवणारा माणूस पहिल्या अर्ध्या तासात उघडा पडतो, कारण पाय दुखला तर काय करायचं हे पुस्तकात सापडत नाही.

दिवस निवडताना वर्षावास, म्हणजे भिक्खूंच्या एका जागी मुक्कामाचे पावसाळ्यातले तीन महिने, सगळ्यात सोयीचा. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत अनेक विहारांत बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं, म्हणजे रोज येणारी माणसं आधीच जमलेली असतात. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर यांच्या आगेमागे शिबिर घेऊ नका, राबणारे हात सगळे तिकडे गुंतलेले असतात. लग्नसराईतला रविवार तर नकोच, गल्लीत बँड वाजणारच. आणि नळाला पाणी कधी येतं ते पाहा. सकाळी साडेनऊला पाणी येत असेल तर निम्म्या बायकांचं मन हंड्यापाशी असतं आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. पत्र्याचं छत असलेल्या विहारात जोराच्या पावसात शिकवणाऱ्याचा आवाज पोचत नाही, तेव्हा सूचना बैठकीआधी देऊन टाका, मध्ये बोलू नका.

किती जणांना घ्यायचं? २० बाय ३० फुटांचा हॉल असेल तर ३० ते ३५ पुरे. एका आसनाला अडीच बाय चार फूट जागा लागते, वाटा सोडल्या तर माणशी १५ चौरस फूट धरावे, आणि मूर्तीसमोरची जागा वेगळी. दाटीवाटीने बसवलं की गुडघ्याला गुडघा लागतो आणि एकाची चुळबूळ पूर्ण ओळीत पसरते. सहा-सात खुर्च्या हव्यातच, शक्यतो हात नसलेल्या. त्या सगळ्यात मागे नेऊन टाकू नका, कडेने लावा. खुर्चीवर बसणाऱ्या आजींना आपण शिबिराबाहेर आहोत असं वाटता कामा नये.

आसनाकडे आयोजकांचं सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि दिवस बिघडतो तो तिथेच. नुसत्या सतरंजीवर मांडी घातली की नितंब खाली आणि गुडघे वर राहतात. मग कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो, आणि दहाव्या मिनिटाला माणूस ध्यानाऐवजी पाठीशी झगडत बसतो. उपाय घरचाच आहे. गोधडीची घडी करून चार-पाच इंच उंची येईल अशी नितंबाखाली घ्यायची, पायांखाली नाही. बसायचं घडीच्या पुढच्या तिसऱ्या भागावर, म्हणजे ओटीपोट आपोआप किंचित पुढे येतं आणि गुडघे खाली टेकतात. गुडघा टेकत नसेल तर त्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. पायाला मुंग्या येतात त्या बहुधा घडीची कड मांडीत रुतल्यामुळे किंवा एका पायाचा भार दुसऱ्या पोटरीवर पडल्यामुळे. पाय एकावर एक न ठेवता पुढेमागे जमिनीवर ठेवले की बराच फरक पडतो. नोंदणीच्या वेळीच ‘घरून एक गोधडी आणा’ असं सांगा, आणि विसरणाऱ्यांसाठी दहा जादा ठेवा.

नोंदणीच्या कागदावर चार प्रश्न पुरेत : गुडघे-कंबरेचा त्रास आहे का, मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, फिट येते का, मनाच्या आजारावर औषध चालू आहे का. शेवटचा प्रश्न एकांतात विचारा. औषध चालू असलेल्या माणसाने आधी डॉक्टरांना विचारावं, आणि त्या दिवशी गोळी चुकवू नये. ध्यानाने औषध सुटतं असं शिबिरात कुणी बोलत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

मोबाईल नाव लिहिलेल्या पाकिटात घालून जमा करून घ्या. पण घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असलेली ताई फोन देताना घाबरते. म्हणून एका सेवकाचा नंबर आदल्या दिवशी सगळ्यांच्या घरी देऊन ठेवायचा आणि तो फोन दिवसभर विहाराच्या दाराशी चालू ठेवायचा. एवढं केलं की कुणी कुरकुर करत नाही.

सकाळी साडेआठला वंदना, त्रिशरण-पंचशील. पाऊण तासाचा परित्राणपाठ, म्हणजे रक्षणासाठी म्हणायच्या सुत्तांचं पठण, नको. मग पंधरा मिनिटं सूचना आणि नऊ वाजता पहिली बैठक, फक्त वीस मिनिटांची. पहिल्याच बैठकीला एक तास बसवण्याचा हट्ट काही जण धरतात. त्यातून नव्या माणसाला एवढंच कळतं की ध्यान म्हणजे दुखणं, आणि तो जेवून घरी जातो.

सूचना अशी द्यावी. आधी शरीर : बसल्या जागी जमिनीचा स्पर्श, मांड्यांवरचे हात, सैल जबडा. मग श्वास. श्वास घ्यायचा नाही, चाललेला आहे तो जाणायचा. श्वास बाहेर गेला की मनात ‘एक’, पुन्हा बाहेर गेला की ‘दोन’, असं दहापर्यंत आणि परत एकपासून. मोजणी पाचाच्या आत तोडू नये आणि दहाच्या पुढे नेऊ नये, असं विशुद्धिमग्गात, म्हणजे आचार्य बुद्धघोषांच्या ध्यानावरच्या जुन्या पाली ग्रंथात, सांगितलं आहे. त्याचा अर्थ बसल्यावर कळतो : दोन-तीनवर मन अडकून घुसमटतं, आणि दहाच्या पुढे गेलं की ते श्वास सोडून आकड्यांच्याच मागे लागतं. मोजणी चुकली तर रागावू नका, एकपासून सुरू करा. दुसऱ्या बैठकीत श्वास आत येण्याआधी मोजायचं, तिसरीत मोजणी सोडून नाकपुडीच्या कडेला किंवा वरच्या ओठावर जिथे स्पर्श कळतो तिथे थांबायचं. नवीन माणसं हमखास एक चूक करतात : श्वास मुद्दाम लांब करतात. मग डोकं जड होतं, छातीवर दाब येतो. असं कुणी सांगितलं तर त्याला दोन मिनिटं श्वासावरचं लक्ष पूर्ण काढून तळव्यांच्या स्पर्शाकडे लक्ष द्यायला सांगा.

‘बाबासाहेबांचा धम्म समाज बदलण्यासाठी, मग डोळे मिटून काय होणार?’ हा प्रश्न कुणीतरी विचारतोच, आणि तो विचारायलाच हवा. त्याला बगल देऊ नका. अष्टांगिक मार्गात सम्मा सती, म्हणजे सम्यक स्मृती आहे, आणि बाबासाहेबांनी ती मनाची अखंड जागरूकता म्हणूनच मांडली आहे. ज्याला स्वतःचा राग उठताना दिसतो, तो बैठकीत आणि मोर्चात दोन्हीकडे जास्त कामाचा असतो असं माझं ठाम मत आहे. प्रश्न मात्र दुपारच्या प्रश्नोत्तरांत घ्या. सकाळी घेतलात तर सकाळ चर्चेत जाईल.

दोन बैठकांच्या मध्ये चंक्रमण, म्हणजे चालत करायचं ध्यान. बोधगयेला महाबोधी मंदिराच्या उत्तरेला बुद्धांच्या चंक्रमणाची जागा आजही दाखवतात. बसण्याइतकंच चालणंही या मार्गात जुनं आहे. अंगणात १२ ते १५ पावलांची सरळ वाट धरायची, टोकाला थांबायचं, वळायचं, परत यायचं. पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकलं. नजर चार हात पुढे. सगळ्यांनी समांतर चालावं. गोलात चालवलं की पुढच्याच्या वेगाचा त्रास होतो. हॉल लहान असेल तर गोलाला पर्याय नाही, तेव्हा हळू चालणाऱ्यांना आतल्या बाजूला ठेवा. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर अंगणातली फरशी तापते, अनवाणी पाय भाजतात. तेव्हा सावली किंवा वऱ्हांडा शोधा. चालणं मूक असतं, पण रस्त्यावरून जाणारा कुणी ‘जय भीम’ म्हणाला तर हात जोडावेत, तेवढ्याने मौन मोडत नाही.

जेवण सव्वाअकराला वाढा. त्या दिवशी कुणी अष्टशील, म्हणजे एका दिवसापुरते पाळायचे आठ नियम, घेतलं असेल तर त्याचं जेवण मध्यान्हाआधी संपायला हवं, आणि बाकीच्यांनाही लवकर जेवण पचतं. शिबिरार्थी आणि सेवक मिळून ४० जणांना ३ किलो तांदूळ आणि दीड किलो मूगडाळीची मऊ खिचडी, ३ किलो काकडी-गाजराची कोशिंबीर, ३ किलो दह्यात दुप्पट पाणी घालून ताक. तेल कमी, तळण अजिबात नाही. दान देणाऱ्याची इच्छा असते की पंगतीला खीर-पुरी असावी, आणि त्या श्रद्धेला नाही म्हणणं जड जातं. तेव्हा पुरी टाळा आणि खीर सव्वाचारनंतर, समारोप झाल्यावर वाढा. दुपारी खीर खाल्लेला हॉल दोन वाजता घोरतो.

स्वयंपाक कोण करणार, याबद्दल मला आग्रहाने सांगायचं आहे. शिबिराला नाव नोंदवलेल्या बायकाच नऊ वाजता हळूच उठून मागे कांदा चिरायला जातात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, सवयच तशी आहे, आणि पुरुष शांतपणे बसून राहतात. हे होऊ देऊ नका. शिबिराला न बसणाऱ्या चार-पाच जणांचं सेवक मंडळ आधी ठरवा, त्यात किमान निम्मे पुरुष हवेत, आणि शिबिरार्थीला स्वयंपाकघराच्या दारातूनच परत पाठवा. जेवल्यावर आपापलं ताट प्रत्येकाने घासायचं. रांग लावून, न बोलता, पाण्याचा गारवा आणि ताटाची कड जाणत. वीस मिनिटांत होतं.

मग पाऊण तास आडवं व्हा. थेट बैठक लावू नका, प्रवचनही नको. सव्वाला चंक्रमण, मग वीस मिनिटं बोलणं, आणि दोन वाजता बैठक. दिवसातली ही सगळ्यात अवघड बैठक असते. ध्यानाच्या आड येणाऱ्या पाच नीवरणांपैकी सकाळी उद्धच्च, म्हणजे चंचलपणा छळतो, आणि आता थीनमिद्ध, सुस्ती. ध्यानात पेंगणाऱ्या आपल्या प्रमुख शिष्याला, मोग्गल्लानांना, बुद्धांनी क्रमाने उपाय सांगितले होते : ज्या विचारात झोप आली तो सोड, ऐकलेला धम्म आठव, तो मोठ्याने म्हण, कान ओढ आणि अंग चोळ, उठून डोळ्यांना पाणी लाव, दिशांकडे पाहा, उजेड मनात आण, चाल, आणि एवढं करूनही जात नसेल तर उजव्या कुशीवर झोप, पण उठायचं ठरवून. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा क्रम विहाराच्या हॉलमध्ये जसाच्या तसा चालतो. व्यवहारात एवढं करा : दोनची बैठक वीस मिनिटांचीच ठेवा, डोळे अर्धे उघडे, खिडक्या पूर्ण उघड्या, पेंगणाऱ्याला जागीच उभं राहायची मोकळीक. कुणाला ढोसून उठवू नका. घोरणाऱ्याच्या पाठीवर सेवकाने अलगद तळवा ठेवला की पुरतं.

पावणेतीनला चहा : दोन लिटर दूध, दोन लिटर पाणी, आणि बिनसाखरेची किटली वेगळी. तिथे मौन हमखास फुटतं, म्हणून चहा जागेवर नेऊन द्या, रांग लावू नका.

शेवटची बैठक मैत्री भावनेची, ३५ मिनिटं. आधी स्वतः, मग जवळचा मित्र किंवा मैत्रीण, मग रोज दिसणारा पण ओळख नसलेला कुणी, मग ज्याच्याशी पटत नाही असा माणूस, मग वस्ती, गाव, सगळे जीव. दुसऱ्या टप्प्यासाठी दिवंगत माणूस निवडू नये, ही सूचना विशुद्धिमग्गातलीच आहे, आणि ती आधी स्पष्ट सांगावी लागते. नाहीतर अनेक जण गेलेल्या आईला समोर आणतात, आणि मैत्रीऐवजी दुःखाचा बांध फुटतो. तरीही कुणी रडलं तर घाबरायचं नाही आणि त्याचं कौतुकही करायचं नाही. सेवकाने शेजारी बसावं, डोळे उघडायला सांगावं, बाहेर नेऊन पाणी द्यावं, थोडं चालवावं. अंग थरथरणं, प्रकाश दिसणं, यालाही तोच उपाय. ‘ही मोठी अवस्था आहे’ असं म्हणालात तर तो माणूस पुढच्या वेळी तेच शोधत बसेल. चौथ्या टप्प्याला आयुष्यातला सगळ्यात मोठा वैरी घेऊ नका. वाहन दारात लावणारा शेजारी पहिल्या दिवसाला पुष्कळ झाला.

प्रश्न चिठ्ठीवर घ्या, नाव न घालता. तोंडी घेतले की तीनच माणसं बोलतात, आणि ती नेहमीचीच असतात.

सव्वाचारला पुण्यानुमोदन (दिवसाचं पुण्य सगळ्यांना वाटून देणं), मौन सुटतं, खीर. फोन लगेच देऊ नका. दहा मिनिटं माणसांना एकमेकांशी बोलू द्या, मग पाकिटं वाटा. सतरंज्या गोळा होण्याआधी पुढची वेळ जाहीर व्हायलाच हवी : दर गुरुवारी संध्याकाळी साडेसात, याच हॉलमध्ये, अर्धा तास. ३५ पैकी पहिल्या गुरुवारी दहा आले तरी हॉल उघडा ठेवा, चार आले तरी ठेवा. चावी कुणाकडे राहणार आणि तो गावाला गेला तर कुणाकडे, ही दोन नावं त्याच दिवशी फळ्यावर लिहा.