कूलरसमोरचं वाचन

मे महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयात पोरांची जी गर्दी होते, तिचं श्रेय साहित्याला देता येणार नाही. ते कूलरचं आहे. सकाळी नऊलाच ऊन चटके देतं, घरोघरी पंखे गरम हवा फेकतात, आणि इथे पत्र्याचा जुना कूलर घरघरत असतो. त्याची टाकी भरण्याचं काम पोट्ट्यांनी आपणहून अंगावर घेतलंय. बादली ओतायची आणि ओल्या हातानंच पुस्तक उचलायचं. 'हात पुसा बे आधी!' असं ग्रंथपालकाका ओरडले की हात चड्डीला पुसले जातात.

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा. म्हणजे आमच्याकडे वाचनाचा खरा हंगाम हाच. सरकारी वाचन प्रेरणा दिन येतो १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलामांच्या जन्मदिनी. २०१५ पासून तो साजरा होतो. दिवस चांगलाच, पण तेव्हा गावात सोयाबीन काढायची धांदल आणि कापसाची वेचणी तोंडावर. काही पोरं वावरात, उरलेली सतरंजीवर रांगेत. फोटोला हार, पाहुण्यांचं भाषण, वाचनाचे फायदे. त्या तासाभरात पुस्तक तेवढं कोणी उघडत नाही.

पूर्वी आमचा बालविभाग म्हणजे काचेचं कपाट आणि त्याला कुलूप. वाचनालय 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं. तपासणीला दाखल नोंदवहीप्रमाणे पुस्तकं दाखवावी लागतात, एखादं गेलं तर जाब काकांना. काकांचं मानधन काय असतं ते न विचारलेलं बरं, त्यामुळे त्यांची भीती खोटी नव्हती. पण रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' असं आहे, आणि प्रशिक्षणाच्या परीक्षेत काकांनीच ते लिहून मार्क मिळवलेले. शेवटी कुलूप निघालं. खालचे दोन कप्पे पोरांच्या हाताला येतील असे मोकळे झाले. आता पुस्तकं हरवतात कमी, फाटतात जास्त. टेबलाच्या खणात सेलोटेप कायम असते. मला विचाराल तर, फाटलेलं पुस्तक निदान कोणाच्या तरी हातात होतं.

चौथीतली एक पोरगी धाकट्याला मांडीवर घेऊन वाचते. पुस्तकात छापलेलं असतं, 'कोल्हा म्हणाला, मला खूप भूक लागली आहे.' ती वाचते, 'कोल्हा म्हने, मले भल्ली भूक लागली वं माय.' काही ओळी गाळते, काही पदरच्या घालते. पान उलटायची घाई धाकट्यालाच. उन्हाळी शिबिरासाठी आलेल्या एका पाहुण्यांनी तिला विचारलं, "या गोष्टीतून काय शिकलीस?" ती म्हणाली, "काईच नाई. सरली न गोष्ट."

पाहुणे नाराज झाले, मी खूश. निबंध, वक्तृत्व, प्रश्नमंजुषा ही सगळी परीक्षेचीच भावंडं. सुट्टीतही तेच करायचं तर शाळा काय वाईट?

कूलरवरून भांडण व्हायचं ते झालंच. पेपर वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना गलका नको. तोडगा निघाला: दहापर्यंत पोरं, मग पेपरवाले. तरी एक आजोबा मुद्दाम साडेनऊला येतात आणि पेपर तोंडासमोर धरून गोष्टी ऐकतात. परवा त्यांना राहवलं नाही. प्राण्यांच्या पुस्तकातलं नीलगायीचं चित्र पाहून म्हणाले, "अबे, हा तं रोही! यानंच माह्या तुरीचा सत्यानाश केला." मग जागलीच्या रात्री, मचाण, वाजवायचा टिनाचा डबा, अंधारात समोर उभं ठाकलेलं रानडुक्कर. साडेदहा वाजले तरी पोरं हलेनात, आणि पेपरवाले दारातच उभे राहून ऐकू लागले.

काकांपुढे पेच उपक्रम नोंदवहीचा. उपक्रम: कथाकथन. उपस्थिती: बालवाचक व ज्येष्ठ. 'वाचलेले पुस्तक' या रकान्यावर त्यांनी बराच वेळ पेन टेकवून ठेवलं, आणि मग तिथे आजोबांचा सभासद क्रमांक लिहून टाकला.