लिफ्ट अडकली आणि आळ आला भाडेकरूच्या गाडीवर

माझं काम ईव्ही चार्जर बसवायचं, त्यामुळे नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीतून रात्री फोन आला की लिफ्ट अडकली होती, तेव्हा मी म्हटलं लिफ्टवाल्याला बोलवा ना. चेअरमन काका म्हणाले तो येऊन गेला, आजींना बाहेर काढलं, आता तुम्ही या आणि "ती गाडी" कायमची बंद करा.

पार्किंगमध्ये पोहोचलो तर कोर्टच भरलेलं. ती गाडी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू पोराची इलेक्ट्रिक कार, तो आला तेव्हापासून मेन ट्रिप होतोय असं सगळ्यांचं म्हणणं. फ्लॅटमालकांच्या दोन गाड्याही इलेक्ट्रिकच, शेजारीच चार्जिंगला, पण त्यांचं नाव कोणी काढत नव्हतं, अर्थातच.

तिन्ही गाड्या कॉमन मीटरवर, पार्किंगमधल्या साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर. मेनला ४० अँपिअरचा फोर पोल एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. वायरमधला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर सप्लायच्या तिन्ही फेजना लावला, आर फेजला ४२, वायला ३, बीला २ अँपिअर. परत लावून बघितलं, तेच. तिन्ही सॉकेट एकाच फेजवरून ओढलेले! ज्या कोणी वायरिंग केलं त्याला तो फेज जवळ पडला असणार, दुसरं काय. वॉचमनला पंप चालू करायला लावला, आर फेज ५० वर गेला. मग रिकामी लिफ्ट वरून खाली बोलावली तर ५९, आणि थोड्याच वेळात खटकन अंधार.

सेक्रेटरी मॅडमनी बरोबर प्रश्न विचारला, की रोज का नाही पडत मग? तर एमसीबी ४१ झाले की लगेच पडत नाही, थोडा जास्त लोड तो बराच वेळ सहन करतो, आतली पट्टी तापत राहते आणि मग पडतो. तिन्ही गाड्या, पंप आणि लिफ्ट एकाच वेळी जुळून आले की संपलं. पोराची गाडी फक्त तिसरी होती, एवढाच तिचा गुन्हा.

मला खरी धडकी भरली ती सप्लाय बंद करून न्यूट्रल लिंक, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरींचा जोड, उघडली तेव्हा. लोड असा एकांगी असला की जवळपास सगळा करंट न्यूट्रलमधून परत येतो. मेन न्यूट्रलचा स्क्रू काळानिळा पडलेला, वायरचं इन्सुलेशन टोकाशी कडक होऊन तडकलेलं, बोट लावलं तर भुगा हातात आला. तो न्यूट्रल सुटला असता ना, तर कमी लोडच्या फेजवर २३० चे साडेतीनशेच्या वर व्होल्ट गेले असते आणि जिन्यातले दिवे, कॅमेरे सगळे जळाले असते. काकांना टॉर्च मारून दाखवलं, मग आवाज जरा खाली आला. त्या रात्री न्यूट्रलचं टोक नवीन केलं, गाड्या वेगवेगळ्या फेजवर टाकल्या आणि निघालो.

पुढच्या मीटिंगमध्ये वीज कंपनीकडून लोड वाढवून घ्या असा सूर निघाला. मी म्हटलं आधी हिशोब करा. सगळ्यात जास्त पळणारी गाडी पिंपळगाव बसवंतला जाऊन येते, साधारण पासष्ट किलोमीटर, म्हणजे नऊ-दहा युनिट, तीन-साडेतीन तासांचं काम. बाकीच्या सातपूर-अंबड करतात, त्यांचं तासा-दीड तासात उरकतं. रात्र अख्खी पडलीय, पण सगळ्यांना घरी आल्या आल्या प्लग लावायचाय!

शेवटी टाइप टू प्लगचे वॉल चार्जर बसवले आणि मेनवर करंट मोजणारे सीटी. साध्या सॉकेटला हळू घे असं सांगता येत नाही, फक्त चालू नाहीतर बंद. वॉल चार्जर मात्र केबलमधल्या पायलट नावाच्या सिग्नल वायरवरून गाडीला सांगतो किती अँपिअर ओढायचे ते. पंप लागल्याचं सीटीकडून कळलं की १६ वरून खाली, अगदी ६ पर्यंत, आणि ६ सुद्धा परवडत नसतील तर चार्जिंग थांबवतो, जागा झाली की परत चालू करतो.

टेस्टिंगला पोरगा ॲप बघत उभा होता. "दादा, माझंच स्लो का झालं?" पंप तुझ्याच फेजवर आहे रे, टाकी भरली की वाढेल. तर पिंपळगाववाले लगेच, माझी गाडी लांबून येते, मला आधी द्या. प्रायॉरिटी सेटिंग आहे त्यात, पण पासवर्ड मी सेक्रेटरी मॅडमकडे दिला आणि पाना-पक्कड गोळा केली. युनिटचा रेट काय लावायचा यावर त्यांची मीटिंग अजून चालूच आहे म्हणे.