दर बदलायला दरवेळी डेव्हलपर कशाला?

गंगापूर धरणाकडच्या द्राक्षबागेतल्या होमस्टेला हंगामात खोलीचे दर सारखे बदलावे लागतात. साइट साध्या एचटीएमएलची असेल तर दरवेळी डेव्हलपरला फोन, आणि तोवर जुनाच दर दिसत राहतो. वर्डप्रेससारख्या सीएमएसमध्ये (कोड न लिहिता साइटचा मजकूर बदलू देणारं सॉफ्टवेअर) हे दोन मिनिटांचं काम: लॉगिन करा, ‘पेजेस’मधून दरांचं पान उघडा, आकडा बदला, ‘सेव्ह’ (जुन्या आवृत्तीत ‘अपडेट’) दाबा. घाईत ३५०० चे ३५० झाले तरी घाबरू नका. ‘रिव्हिजन्स’मधून आधीची प्रत परत आणता येते.

हाताखालच्या मुलाला मात्र ॲडमिनचा पासवर्ड देऊच नका. ‘एडिटर’ची भूमिका पुरते, मजकूर बदलता येतो, प्लगइनला (साइटला जोडलेल्या जादा सोयींना) हात लागत नाही.

फोटो अपलोड होत नसेल तर त्याचं वजन बघा. मोबाइलचा फोटो सहज ४-५ एमबीचा असतो, आणि वर्डप्रेस ज्यावर चालतं त्या पीएचपी भाषेची अपलोडची मूळ मर्यादा २ एमबी. होस्टिंगवाल्याला मर्यादा वाढवायला सांगण्याआधी फोटो १६०० पिक्सेल रुंदीचा करून घ्या, पानही लवकर उघडेल.

वर्डप्रेस किंवा प्लगइनची नवी आवृत्ती टाकण्याआधी डेटाबेस (यात मजकूर असतो) आणि ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ फोल्डर (यात फोटो असतात), दोन्हींचा बॅकअप घ्या. नुसत्या डेटाबेसमधून मजकूर परत येतो, फोटो येत नाहीत.