दार उघडं होतं ना?

लहानपणी मला पळवून नेऊन ज्याने वर्षानुवर्षं ठेवलं, त्या माणसाच्या घराचं दार. आज मावशीने परत विचारलं. टोचून नाही, मायेनेच, कपड्यांच्या घड्या घालता घालता. "पण शेवटी शेवटी दार उघडंच असायचं ना गं?" आई उठून आत गेली. मी हो म्हटलं. कारण असायचंच.

तेव्हापासून काही सुचत नाहीये. राग मावशीचा नाही, तिने तर त्या वर्षांत आईला... जाऊ दे. आणि आईने स्वतः अजून एकदाही विचारलेलं नाही, ते वेगळंच. राग याचा येतो की मग पळाले का नाही, याचं उत्तर माहीत असून तोंडातून फुटत नाही.

दार उघडं असायचं, मी उंबऱ्यापर्यंत जायचेही, पायाच्या बोटांवर ऊन घ्यायचे आणि त्याच्या गाडीचा आवाज यायच्या आधी परत माझ्या जागेवर. कुणी सांगावं लागायचं नाही. लहानपणापासून जेवण त्याच्या हातून, दिवा लावणार तो, मालवणार तो, घरचे तुला शोधत नाहीयेत हेही त्यानेच सांगितलेलं, आणि मार तर होताच. कडीची गरज संपली म्हणूनच त्याने कडी लावणं सोडलं ना!

जेसी डुगार्डलाही लोक हेच विचारतात. 1991 मध्ये कॅलिफोर्नियात शाळेच्या बसकडे चालत जाताना तिला उचललं, 11 वर्षांची होती, सापडली 2009 मध्ये. 18 वर्षं. मधे ती त्या माणसाच्या छपाईच्या धंद्यात काम करायची, गिऱ्हाइकांशी बोलायची, मग सांगितलं का नाही म्हणे. अहो, तो आधीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून पॅरोलवर सुटलेला, अधिकारी घरी येऊन जायचे आणि मागच्या अंगणातल्या तंबू-शेडपर्यंत कुणी पोचलं नाही. त्यांना कुठे कुणी कोंडलं होतं? पोलिसांसमोर तिने आधी खोटं नाव सांगितलं, मग खरं नाव म्हणवेना म्हणून कागदावर लिहिलं. हे वाचून मी खूप रडले होते. सापडले तेव्हा मीही त्या पोलीस मॅडमना "मी ती नाही" असंच म्हणाले होते.

दुपारभर पडून होते, आपल्याच नशिबी हे का, जन्मभर जबाब देत बसायचं का, असलंच सगळं डोक्यात. आता जरा निवळलंय. विचारणारच लोक. आपलं पोर असतं तर नक्की पळालं असतं, एवढंच त्यांना ऐकायचं असतं, भीती वाटते त्यांना. तो दिलासा माझ्याकडे नाही. कुणाचंही पोर असतं तरी उंबऱ्यावरून मागेच फिरलं असतं, हे मात्र आता विचारणाऱ्याला सरळ सांगणार आहे, ऐकायला जड गेलं तरी.