दोन मिलिमीटर साग

गिरगावातल्या आजींचा फोन आला, "अरे, दार परत अडकतंय." मला पटेना. गेल्या जुलैत त्याच दाराच्या कडेवरून मी चांगलं दोन मिलिमीटर लाकूड काढलं होतं.

पावसाळा लागला की असे फोन येतातच. लाकूड आडव्या धाग्यात फुगतं, उभ्या धाग्यात जवळपास नाहीच. म्हणून दार उंचीला वाढत नाही, रुंदीला वाढतं. लोकांना वाटतं, सुतार आला की रंधा मारणार आणि सुटणार. मीही तेच केलं होतं.

तिसरा मजला चढलो. चाळीचं जुनं दार, बर्मा सागाचं, त्यावर तैलरंगाचे थर. कडेला कापडाची गुंडाळी कोंबलेली. आजी म्हणाल्या, "थंडीत फटीतून बाहेरचा दिवा दिसायचा रे. आता कापड काढलं तरी दार लागत नाही."

या वेळी रंधा पिशवीतच ठेवला. उभी आणि आडवी पट्टी जिथे मिळतात तिथे नख घातलं, तर ते आत गेलं. कुसू, म्हणजे आडव्या पट्टीचं खाचेत बसणारं टोक, थोडं बाहेर सरकलं होतं. ही फट गेल्या वर्षीही मला दिसली होती. जुनं दार आहे, असायचीच, असं म्हणून मी पुढे गेलो होतो.

अशा दारात मधलं पॅनल मोकळं असावं लागतं. उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या चौकटीत नुसतं बसवायचं, दोन्ही बाजूंना जागा सोडायची, म्हणजे ते पावसात फुगतं आणि थंडीत आकसतं, चौकटीला धक्का लागत नाही. पातळ पटाशीने पॅनल धरून ठेवणारी आतली बारीक पट्टी उचकटली, तर पॅनल चारी बाजूंनी पांढऱ्या गोंदाने चिकटवलेलं, वर खिळे. कधीतरी कोणीतरी ते बदललं होतं. प्लायवूडला ही पद्धत चालते, कारण प्लाय असं फुगत नाही. आजकाल कामावर येणाऱ्या पोरांना हा फरक कोणी शिकवतच नाही, याचा मला फार त्रास होतो. त्या पॅनलला सरकायला जागाच नव्हती, म्हणून ते दरवर्षी उभ्या पट्ट्या बाहेर ढकलत होतं.

सुरी गरम करून गोंद कापत गेलो. शेवटचा कोपरा सुटला तेव्हा 'टक' असा आवाज झाला. मग कडेला लाकडाचा ठोकळा धरून मोगरीचे चार ठोके दिले. सांध्याची फट मिटली, दार लागलं. पॅनलच्या दोन्ही कडा थोड्या उतरवल्या, मेण चोळलं आणि खिळे फक्त बारीक पट्टीला मारले.

आजींना सांगितलं, "गेल्या वर्षी मी उगाच लाकूड काढलं. चूक माझी." त्या म्हणाल्या, "चहा घे आधी."

रे रोडहून जुन्या सागाची एक पट्टी आणून ठेवली आहे, त्याच रंगाची. पण जुलैत मोजलेली फट खरी नसते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की जाऊन मोजेन आणि मग ती पट्टी रंधलेल्या कडेला चिकटवेन.