तुम्ही विचारलंत म्हणून: आकाश खरंच तसं दिसतं का?

फोटो दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला. "हे खरंच असं दिसतं, की कॉम्प्युटरवर केलंय?" ऑफिसात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, एकदा फोंड्याच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी माझ्या मोबाईलमध्ये डोकावून विचारलं. बरीच वर्षं मी "हो, दिसतं" म्हणून मोकळी व्हायचे. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं आज सांगते.

ज्या फोटोवरून हे सगळं सुरू झालं तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला, केरी गावावरच्या डोंगरउतारावरचा. मामाची तिथे काजूची बाग आहे आणि बागेत भाटीची खोप, म्हणजे दारू गाळायची झोपडी. हंगामात तिथे हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, निघतो. डिसेंबर-जानेवारीत खोप रिकामी असते, म्हणून तिच्याशेजारी तंबू ठोकला. फोटोत खाली खोपीचं छप्पर, मध्ये काजूच्या झाडांच्या काळ्या आकृत्या, वर व्याध, त्याच्याही वर मृग. झाडांच्या शेंड्याला टेकलेला ठळक तारा म्हणजे अगस्त्य. गोव्याचा अक्षांश साधारण साडेपंधरा अंश, त्यामुळे अगस्त्य आपल्याकडे क्षितिजापासून चांगला २२ अंश वर येतो. ध्रुव बिचारा त्याच्याहून खाली, डोंगराच्या आडच राहतो.

"समुद्रावर का नाही गेलीस?" हेही विचारतात. गेले होते, काणकोणला. एलईडी दिवे लावून मासे पकडायला केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली. तरी त्या रात्री क्षितिजावर पांढऱ्या दिव्यांची रांग इतकी लख्ख होती की फोटोत पहाट झाल्यासारखं वाटत होतं. शिवाय खारा वारा काचेवर बसतो. तेव्हापासून डोंगर बरा. केरीतूनही पश्चिमेला म्हापसा-पणजीचा उजेड दिसतोच. वायव्येला २०२३ पासून मोपा विमानतळाची भर पडली. दक्षिणेला वाळपई तेवढी मवाळ.

मामी मात्र आधी तयार नव्हती. चंद्र नको म्हणून मी अमावास्या निवडलेली आणि तिला तेच खटकत होतं. "अमाशेच्या रात्री रानात कसले गो फोटो?" शेवटी तिने राखणदाराला, म्हणजे रान राखणाऱ्या देवाला, विडा ठेवला आणि मामाला माझ्याबरोबर पाठवलं. राखणदाराचं मला माहीत नाही, पण गवेरेड्यांच्या बाबतीत मामा कामाचा माणूस. अडचण एकच होती. त्याला शेकोटी हवी होती, मला काळोख.

इथेच प्रश्नाचं खरं उत्तर सुरू होतं. उजेडातून अंधारात आल्यावर डोळा पूर्ण सरावायला २०-३० मिनिटं लागतात. शेकोटीकडे एकदा पाहिलं की सगळं पहिल्यापासून. त्यामुळे बहुतेक लोक म्हणतात "मला काही दिसलं नाही", तेव्हा त्यांनी आकाश पाच मिनिटं पाहिलेलं असतं, तेही मोबाईल हातात घेऊन. सरावलेल्या डोळ्यालाही अंधुक उजेडात रंग कळत नाहीत. तिथे काम करतात त्या डोळ्यातल्या दंडपेशी, आणि त्यांना रंगाची जाण नाही. ठळक ताऱ्यांचे रंग दिसतात, मृगातलेच काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर हे कुणीही पाहावं. पण मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली जो तेजोमेघ, म्हणजे चमकणारा वायूचा ढग, आहे, साधारण १३०० प्रकाशवर्षं लांबचा, तो डोळ्याला करडा धूसर ठिपका दिसतो. फोटोत गुलाबी येतो. तो गुलाबी मी भरलेला नाही. तापलेल्या हायड्रोजनचा आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. डोळा उजेड साठवून ठेवत नाही, सेकंदाचा दहावा भाग गेला की पाटी कोरी. माझा कॅमेरा १५ सेकंद उघडा होता. लेन्स २० मिलिमीटरची, म्हणजे रुंद आकाश मावणारी; अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) १.८, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२००. १५ सेकंदांहून जास्त वेळ उघडा ठेवला की पृथ्वी फिरते ते फोटोत कळतं, तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट होतात. असे १२ फोटो एकावर एक जुळवून दाणेदारपणा कमी केला, रंगांचा पिवळेपणा उतरवला, काळा थोडा गडद केला. हो, हे कॉम्प्युटरवर केलं. क्षितिजाजवळची हिरवट झाक मात्र, जिच्यावर सगळ्यांचा संशय, ती तिथलीच. सुमारे १०० किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन रात्री मंद हिरवा उजेड सोडत असतो.

जे करत नाही ते एकच: दुसरीकडचं आकाश आणून चिकटवणं. हा उद्योग जोरात आहे. कुणी डिसेंबरातल्या मध्यरात्रीचा म्हणून आकाशगंगेचा तो जाड, ढगाळ, सोनेरी पट्टा दाखवला तर खुशाल शंका घ्या. तो पट्टा धनू राशीच्या बाजूला आहे आणि डिसेंबरात सूर्यच तिथे असतो, म्हणजे तो भाग दिवसा वर येऊन जातो. हिवाळ्यात मृग आणि मिथुन यांच्या मधून जाते ती आकाशगंगा फिकट, दुधात पाणी घातल्यासारखी. "एवढीच?" असं लोक म्हणतात. मला तीच जास्त आवडते, पण ते असो.

तर शेकोटी. तडजोड म्हणून ती खोपीच्या मागे पेटली. खालच्या गावातून दशावतारी नाटकाचा पखवाज वर येत होता, मामा त्यावर मान डोलवत बसला आणि मी शटर दाबत राहिले. बाराच्या पुढे माझ्या लक्षात आलं की तारे फुगल्यासारखे दिसताहेत. काचेवर दंव! निरभ्र रात्री लेन्सची काच आपली उष्णता आकाशाकडे सोडून भोवतालच्या हवेहून गार होते आणि आपल्या दमट हवेत तिच्यावर लगेच पाणी धरतं. ८० फोटो वाया. लेन्सला गुंडाळायची गरम पट्टी घरी, चार्जरला लावलेली. मग मामाने शेकोटीजवळचा गरम गोटा मोज्यात घालून दिला, तो लेन्सखाली बांधला आणि काम चाललं. त्याच पहाटे पाचनंतर दक्षिणेला त्रिशंकू हा तारकासमूहही मिळाला, जेमतेम झाडांच्या वर.

उजाडताना मामा बागेत फिरत होता. काजूला नुकता मोहर धरला होता आणि तो एकेक तुरा बोटाने हलवून बघत होता. धुकं-दंव जास्त झालं की मोहर करपतो, ढेकण्या ही कीडही येते. मी कापडाने काच पुसत होते. "तुझं बरं," तो म्हणाला, "तुझं पुसलं की झालं."

नंतर त्याला कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. बराच वेळ पाहून त्याने तुमचाच प्रश्न विचारला. मी वरचं सगळं सांगितलं, दंडपेशींपासून ऑक्सिजनपर्यंत. त्याने ऐकून घेतलं आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "मग हे काय?"

तिथे खोपीच्या कडेला एक पांढरा फराटा आहे. मध्यरात्री गवा आला की काय म्हणून मामाने मारलेली बॅटरी. तो पुसायला दोन मिनिटंही लागली नसती. तुम्हाला दाखवते त्या फोटोत तो आहे, बघा.