तक्रार क्रमांक एक: माणसं बोलत नाहीत

मी पुण्यात होम थिएटरचं कॅलिब्रेशन करतो. म्हणजे लोकांनी हौसेने घेतलेला टीव्ही, प्रोजेक्टर, स्पीकर त्यांच्या खोलीत मोजून-मापून नीट लावून देतो. लोक मला 'सेटिंगवाले' म्हणतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. या धंद्यात अख्खा सिनेमा क्वचित बघायला मिळतो. ठरलेल्या सिनेमांमधले ठरलेले तुकडे तेवढे पाठ होतात. कोल्हापूरच्या त्या दिवशी मात्र मी एक सिनेमा जवळजवळ पूर्ण बघितला, तोही दुपारी, आमरस-पुरीच्या जेवणानंतर, सहा माणसांच्या टीकाटिप्पणीसह.

मे 2023 मधली गोष्ट. नागाळा पार्कातल्या एका काकांचा फोन आला. साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आयुष्य काढलेला माणूस, त्यामुळे प्रस्तावना नाही. "सेंटर स्पीकर गेलाय. अर्धा तास झाला, एक माणूस बोलत नाही. नुसती खुडबुड ऐकू येते."

सेंटर म्हणजे टीव्हीखालचा मधला स्पीकर, सिनेमातलं बोलणं मुख्यतः त्यातून येतं. मी विचारलं, कुठला सिनेमा लावलाय?

"वॉल-ई."

हे एवढंच असतं तर मी फोनवरच उलगडा करून पुण्यातच बसलो असतो. 'वॉल-ई' बघितलेल्यांना ठाऊक आहे, त्यात पहिला अर्धा तास उलटून जाईपर्यंत संवाद जवळपास नाहीतच. कचऱ्याने भरलेली, सोडून दिलेली पृथ्वी, तिथे कचऱ्याचे ठोकळे करत बसलेला एक यंत्रमानव, त्याचं एक झुरळ, आणि मग वरून येणारी पांढरीशुभ्र ईव्ह, तीही यंत्रमानवच. दोघांचं बोलणं म्हणजे एकमेकांची नावं आणि वर दोन-चार शब्द. पण काकांनी वहीच्या पानावर दोषांची यादीच केली होती, कारखान्यात शटडाउनच्या आधी करतात तशी, आणि ती व्हॉट्सअॅपवर पाठवली. बोलणं नाही. चित्र धूसर. वर-खाली काळे पट्टे (हा मुद्दा खोडून पुढे 'भाच्याने दुरुस्त केला' असं लिहिलेलं). रंग पिवळट. हालचाल मालिकेसारखी. दुसरी आणि तिसरी डिस्क बंद. खाली ठळक अक्षरात, 'डिस्क डुप्लिकेट आहे काय?'

डिस्क डुप्लिकेट नव्हती. त्यांच्या मुलाने सिएटलहून आणलेली होती, आणि चांगली होती. पिक्सारचा हा सिनेमा 2008 चा. डिस्नेने त्याची 4के डिस्क 2020 मध्ये काढली होती. पण नोव्हेंबर 2022 मध्ये क्रायटेरियनने, म्हणजे जगभरचे अभिजात सिनेमे निवडून डिस्कवर काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने, 'वॉल-ई' आपल्या मालिकेत घेतला, तेव्हा माझ्या ओळखीतल्या डिस्कवेड्यांमध्ये चांगलीच खळबळ उडाली. सत्यजित राय, कुरोसावा, बर्गमन यांच्या शेजारी कचरा उचलणारा रोबो! पिक्सारचा हा तिथला पहिलाच सिनेमा. काहींना वाटलं क्रायटेरियन घसरलं, काहींना वाटलं पिक्सार चढलं. मी दुसऱ्या गटात आहे, पण तो वाद इथे नको.

सकाळी अकराला पोचलो. खोली ऐसपैस, खिडक्या दोन आणि दोन्ही पश्चिमेला, भिंतीवर पासष्ट इंची टीव्ही. खाली सागवानी शोकेस. सेंटर स्पीकर त्याच्या मधल्या कप्प्यात आत ढकललेला, आणि त्याच्यावर आजींनी विणलेला क्रोशाचा रुमाल. काकांनी रुमालाकडे असं बघितलं की सगळा गुन्हा त्याचाच. मी सांगितलं, या जाळीने आवाज अडत नाही, पण स्पीकर कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढूया. आत राहिला की लाकूड घुमतं आणि बोलणं पोकळ येतं.

आधी रिसीव्हरमधला, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्रातला, टेस्ट टोन लावला. हा खरखराट एकेका स्पीकरमधून फिरतो आणि मी बसायच्या जागी मीटर धरतो. सेंटर डाव्या-उजव्यापेक्षा दोन-तीन डेसिबल कमी होता, तो समान केला. म्हणजे दोष अगदीच काल्पनिक नव्हता, पण स्पीकर जिवंत होता. काकांना टोनवर भरवसा नव्हता. "टोन येतो हो, माणूस येत नाही." मग मी सिनेमा सुरुवातीपासून लावला आणि त्यांना स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवायला सांगितलं. वॉल-ई चालला की हाताला थरथर, थांबला की शांत. तो 'ईऽव्हा' म्हणाला तेव्हा काका म्हणाले, "हा आवाज इथून येतोय होय!"

बेन बर्ट या माणसाने तो आवाज केलाय. 'स्टार वॉर्स'मधल्या आरटू-डीटू या रोबोचाही त्याचाच. त्याने वॉल-ईच्या हालचालीसाठी हाताने फिरवायचा जुना जनरेटर वापरला आणि झुरळाच्या टकटकीसाठी पोलिसांच्या बेड्या. जे यंत्र बोलत नाही त्याचा स्वभाव खुडबुडीतून कळला पाहिजे, हा सगळा खटाटोप. तेव्हा काकांची 'नुसती खुडबुड' ही तक्रार खरं तर दाद होती. हे मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी यादीत पहिल्या मुद्द्यापुढे 'दोष नाही' असं लिहून सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं. मीही केली.

जाता जाता एक गोष्ट मी नेहमी सांगतो, ती तिथेही सांगितली. फेब्रुवारी 2009 च्या ऑस्करला 'वॉल-ई'ची सहा नामांकनं होती. सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपट म्हणून एक मिळालं. पण संगीत, गाणं आणि ध्वनिमिश्रण या तिन्ही ठिकाणी 'स्लमडॉग मिलेनियर' आडवा आला. म्हणजे रहमानने दोनदा, आणि ध्वनिमिश्रणात रसूल पुकुट्टी आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी बेन बर्टच्या चमूला हरवलं. आजी म्हणाल्या, "बरं केलं." त्यांचा वॉल-ईवर राग होता असं नाही, पण आपलं ते आपलं.

'चित्र धूसर' या मुद्द्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या होत्या, आणि त्या सोडवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

एक भाच्याची करामत. हा सिनेमा 2.39 : 1 या आडव्या चौकटीचा आहे आणि टीव्ही 16 : 9 चा. त्यामुळे उंचीचा सुमारे चौथा भाग काळा राहणारच. भाच्याला रिमोटवर झूम सापडलं. पट्टे गेले, सगळे खूश. पण तेवढं मोठं करताना डाव्या-उजव्या कडेचं मिळून चौथा भाग चित्र पडद्याबाहेर गेलं आणि उरलेलं ताणून मऊ झालं. मी वॉल-ईच्या घराचं दृश्य थांबवलं. जुन्या ट्रकात त्याने जमवलेल्या चीजवस्तू फळ्यांवर मांडल्यात. झूमसह आणि झूमशिवाय दोन्ही दाखवलं. काकांची नात, सहावीतली, लगेच म्हणाली, "आजोबा, आपण त्याचं अर्धं सामान कापलं!" अर्धं नव्हे, पण मुद्दा पोचला.

काका अर्धेच पटले. त्यांचं म्हणणं, पासष्ट इंचांचे पैसे मोजले आहेत, चित्रही पासष्ट इंचाचं पाहिजे. हे मी दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या दिवाणखान्यात ऐकतो आणि यावर माझ्याकडे तर्काचं उत्तर नाही. पैसे त्यांचे, भिंत त्यांची. मी एवढंच म्हणतो की दिग्दर्शकाने दोन पात्रं दोन टोकांना उभी केली असतील, तर मधली रिकामी जागा हीही त्याने मुद्दाम दिलेली आहे.

दुसरी गोष्ट झूम काढल्यावरही राहिली. मागचं धूसर दिसत होतं. ट्रकातली दिव्यांची माळ मागे लांबट, अंडाकृती ठिपक्यांसारखी पसरलेली. भाचा म्हणाला, संगणकावर केलेलं चित्र ना हे, मग सगळंच लख्ख का नाही? हा प्रश्न मला फार आवडला, कारण दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटनला नेमकं तेच लख्खपण नको होतं. त्याला सत्तरच्या दशकातल्या विज्ञानपटांची, अॅनामॉर्फिक भिंगांची, म्हणजे रुंद दृश्य आडवं दाबून फिल्मवर बसवणाऱ्या भिंगांची, नजर हवी होती. फोकसची पट्टी अरुंद, दिव्यांना तिरीप, कडेला जरासा बाक. सल्ल्यासाठी त्याने रॉजर डीकिन्स या नामांकित छायाचित्रकाराला बोलावलं. पिक्सारच्या लोकांनी खरे जुने कॅमेरे आणून त्यांतून चाचणी-चित्रण केलं आणि खरं भिंग कुठे कसं चुकतं ते बघून त्या चुका संगणकातल्या कॅमेऱ्याला शिकवल्या. इतकी मेहनत करून आणलेला धूसरपणा मी कुठल्या बटणाने घालवू?

या सगळ्याचं सविस्तर उत्तर डिस्कच्या संचातच होतं. सिनेमाच्या छायाचित्रणावर आणि आवाजावर माहितीपट आहेत. पण ते त्या दुसऱ्या-तिसऱ्या डिस्कवर, यादीतल्या शेवटच्या मुद्द्यावर. 4के डिस्कला प्रदेशाचं कुलूप नसतं, ती जगात कुठेही चालते. साध्या ब्लू-रेला असतं. अमेरिकेचा प्रदेश 'ए', भारताचा 'सी'. काकांचा प्लेअर इथे घेतलेला. म्हणजे सिनेमा चालणार, सिनेमाबद्दलची माहिती चालणार नाही. प्रेक्षकाला जे प्रश्न पडतील त्यांची उत्तरं कुलपाच्या आत ठेवायची, ही हक्कांची व्यवस्था कुणाच्या डोक्यातून निघाली असेल त्याला माझा साष्टांग नमस्कार. काकांनी मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे मध्यरात्र. तो डोळे चोळत म्हणाला, "बाबा, वेष्टनावर लिहिलेलं असतं." काका म्हणाले, "इतक्या बारीक अक्षरात आम्ही फक्त औषधाची एक्सपायरी वाचतो." पर्याय एकच, सगळे प्रदेश वाचणारा प्लेअर. मी किंमत सांगितली आणि तो विषय तिथेच मिटला.

रंग आणि हालचाल यांत मात्र खरा घोटाळा होता, आणि तो टीव्हीचा. दुकानात शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसावा म्हणून जो भडक मोड असतो, तोच घरी राहिलेला. शिवाय दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या मनाच्या चौकटी घालणारं स्मूदिंग पूर्ण चढवलेलं. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींचा. टीव्ही मध्ये आणखी भरतो आणि सगळं गुळगुळीत सरकायला लागतं. म्हणून ती 'मालिकेसारखी हालचाल'. अॅनिमेशनमध्ये तर वेगाने हलणाऱ्या हाताभोवती चित्र फाटल्यासारखं होतं. दिग्दर्शक मंडळींनी यावर इतका आरडाओरडा केला की 2019 मध्ये टीव्ही कंपन्यांच्या संघटनेने 'फिल्ममेकर मोड' आणला. तो या टीव्हीत होता, फक्त मेन्यूच्या चौथ्या थरात. तो लावला, पांढरा रंग मीटरने मोजून नीट केला, खिडक्यांचे पडदे ओढले.

पिवळटपणा कमी झाला, पण गेला नाही, आणि जाऊ नये. पृथ्वीवरचा सगळा पूर्वार्ध धुळीच्या, गंजाच्या रंगात रंगवलाय आणि त्यातून हिरवा जवळपास हद्दपार केलाय. मग जुन्या बुटात लावलेलं ते इवलं रोप येतं. भडक मोडमध्ये धूळच इतकी चमकत होती की रोपाकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. आता नात बोट दाखवून म्हणाली, "ते बघ, हिरवं!" मी काही सांगायच्या आत.

एव्हाना जेवणं झाली होती आणि सगळेच ठाण मांडून बसले, तेव्हा मलाही बसावं लागलं. वॉल-ई व्हीएचएस कॅसेट लावून 'हॅलो, डॉली!' हा जुना संगीतपट बघतो, तेही आयपॉडच्या पडद्यावर, पुढे मोठं दिसायचं भिंग लावून. तिथे काका खुर्चीत पुढे सरकले. "व्हीसीआर भाड्याने आणायचो आम्ही, एका रात्रीला तीन कॅसेटी. पट्टे होते का काळे? कुणाला ठाऊक! चित्रच हलायचं." भाच्याने लगेच टाचणी लावली, "मामा, वॉल-ई बारक्या पडद्यावर बघून खूश आहे, आणि तुम्ही पासष्ट इंचावर तक्रार करताय." पुढे पृथ्वी सोडून अवकाशजहाजावर राहणारी, खुर्चीतून न उठणारी लठ्ठ माणसं आली तेव्हा आजींनी एक वाक्य टाकलं. ते घरातल्याच कुणाला उद्देशून होतं, म्हणून इथे देत नाही.

शेवटी मतमोजणी झाली. नातीला नवीन चित्र आवडलं. काकूंना आवडलं, पण "दुपारी एवढे पडदे ओढून कोण बसणार?" हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता, म्हणून दिवसासाठी उजेड वाढवलेला वेगळा मोड करून दिला. भाच्याला मत नव्हतं, त्याला मीटर कितीला मिळतो ते हवं होतं. आजींनी सांगितलं, "आधीचं झकझकीत होतं. आता मेलं उदास वाटतंय." मी म्हटलं, आजी, माणसं पृथ्वी सोडून गेलीत, उदास वाटणारच. "मग निदान टीव्ही तरी चांगला दिसू दे की!"

काळ्या पट्ट्यांवर काकांनी तोडगा काढला. घरची माणसं असताना पट्टे राहतील. पाहुणे आले की झूम, कारण प्रत्येक पाहुण्याला 2.39 कोण समजावत बसणार? यादीत त्यांनी त्या मुद्द्यापुढे 'सशर्त मान्य' लिहिलं.

आठवड्याने त्यांचा फोन आला. आयपीएलची मॅच चालू होती आणि मागून आजींचा आवाज येत होता. मॅच फिल्ममेकर मोडमध्येच लागली होती आणि चेंडू दिसत नव्हता. मी कुठला मोड निवडायचा ते सांगितलं. काका म्हणाले, "थांबा, लिहून घेतो," आणि फोन भाच्याकडे दिला.